हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (२२ मे, १८३१ - ४ मे, १८९७) हे ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ, चित्रकार आणि वैद्यकीय संशोधक होते. ग्रेज अ‍ॅनाटॉमी या जगप्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील आकृत्या त्यांनी काढल्या. त्यांच्या कार्यकाळाची सुमारे तीस वर्षे मुंबई इलाख्यात, मुख्यतः मुंबई आणि सातारा येथे गेली. महारोगात त्वचेची संवेदना का नाहीशी होते, याचे उत्तर त्यांनी हातापायांच्या मज्जातंतूंमध्ये शोधले. मदुरा पाय या विकाराचे बुरशीजन्य स्वरूप त्यांनी मांडले, तसेच उलटून येणारा ताप आणि हिवताप या रोगांच्या रक्तातील जंतूंचा भारतात अभ्यास केला.

बालपण आणि शिक्षण

कार्टर यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील हल येथे झाला. त्यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे समुद्रदृश्यांसाठी नावाजलेले जलरंगचित्रकार होते. धाकटे बंधू जोसेफ न्यूइंग्टन कार्टर हेही पुढे चित्रकार झाले. मुलांचे बालपण स्कारबरो या किनाऱ्यावरील गावात गेले. घरातच चित्रकलेचे वातावरण असल्याने रेखाटनाचे शिक्षण हेन्री यांना लहानपणापासून मिळाले. एका थोर चित्रकाराचे नाव त्यांच्या नावात गुंफलेले होते, परंतु त्यांनी चित्रकलेऐवजी वैद्यकाचा मार्ग निवडला.

१८४७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते लंडनला गेले. एका औषधवैद्याकडे उमेदवारी करीत असतानाच सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. १८५२ मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्य झाले. त्यानंतर त्याच संस्थेत मानवी व तुलनात्मक शरीररचनेचे विद्यार्थी म्हणून त्यांनी सुमारे दोन वर्षे काढली. तेथे रिचर्ड ओवेन आणि सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली त्यांना काम करता आले. क्वेकेट यांच्याकडून मिळालेली सूक्ष्मदर्शकाची शिस्त त्यांना पुढे भारतात आयुष्यभर उपयोगी पडली. १८५६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना एम.डी. ही पदवी दिली.

कार्टर यांचा स्वभाव भिडस्त, कष्टाळू आणि आत्मपरीक्षण करणारा होता. १८४० च्या दशकापासून त्यांनी नियमित रोजनिशी लिहिली. धर्मश्रद्धा, कर्तव्य आणि स्वतःच्या उणिवा यांविषयीचे विचार तीत आढळतात. त्यांच्या रोजनिशा व पत्रे आज लंडन येथील वेलकम संग्रहात जतन केलेली आहेत. ग्रेज अ‍ॅनाटॉमी कशी घडली हे कळण्याचे ते एक प्रमुख साधन आहे.

ग्रेज अ‍ॅनाटॉमी

सेंट जॉर्जेस रुग्णालयातील शरीररचनेचे अध्यापक हेन्री ग्रे यांच्याशी कार्टर यांचा परिचय विद्यार्थिदशेतच झाला होता. ग्रे यांच्या प्लीहेवरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली, मात्र १८५४ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांना योग्य श्रेय मिळाले नाही. १८५५ च्या अखेरीस ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी परवडेल असा शरीररचनेचा सचित्र ग्रंथ काढण्याची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. पुढील सुमारे दीड वर्ष दोघांनी मिळून शवविच्छेदने केली. मजकूर ग्रे यांनी लिहिला आणि चित्रे कार्टर यांनी काढली.

त्या काळी चित्रे छापण्यासाठी कठीण लाकडाचे ठोकळे कोरले जात. कार्टर यांनी आपली चित्रे थेट ठोकळ्यांवर, आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटी काढली. पूर्वीच्या अनेक ग्रंथांत चित्रावर केवळ अक्षरे वा अंक असत आणि त्यांचा अर्थ जाणण्यासाठी वाचकाला निराळी सूची पाहावी लागे. कार्टर यांनी नावे अवयवांवरच लिहिली. धमनी जशी वळते तसे तिचे नाव वळते, मज्जातंतू जसा हातातून उतरतो तसे त्याचे नाव उतरते. पाहणाऱ्याला नाव, जागा आणि दिशा एकाच दृष्टिक्षेपात कळते. या पद्धतीमुळे ग्रंथ विद्यार्थिप्रिय झाला.

१८५८ मध्ये लंडनच्या जे. डब्ल्यू. पार्कर अँड सन या प्रकाशन संस्थेने हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ३६३ आकृत्या होत्या. कार्टर यांना कामाचे १५० पौंड एकरकमी मिळाले. पुढील विक्रीतील वाटा ग्रे यांना मिळत राहिला, कार्टर यांना मिळाला नाही. मुखपृष्ठाच्या मुद्रितांवर ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत घेण्याची आणि त्यांचे मुंबईतील प्राध्यापकपद गाळण्याची दुरुस्ती केल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. ग्रंथ बाजारात आला तेव्हा कार्टर भारतात पोहोचलेले होते. १८६१ मध्ये देवीच्या आजाराने ग्रे यांचे वयाच्या चौतिसाव्या वर्षी निधन झाले. ग्रंथ मात्र ग्रे यांच्याच नावाने आवृत्त्यांमागून आवृत्त्या पाहत राहिला.

मुंबईत आगमन

१८५८ च्या प्रारंभी कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि त्याच वर्षी मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १८४५ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाशी जोडलेले होते आणि तेथे भारतीय विद्यार्थी पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेत होते. कार्टर रुग्णालयातही साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून काम पाहत.

रुग्णालयात त्यांना जे रोगी दिसले ते लंडनमध्ये क्वचितच पाहावयास मिळाले असते. त्यांत महारोगाने ग्रासलेल्यांची संख्या मोठी होती. मराठीत महारोग, रक्तपिती, कोड अशी नावे लोक वापरत, आणि पुष्कळदा निरनिराळे त्वचाविकार एकाच नावाखाली येत. या रोगाचे कारण कोणासही ठाऊक नव्हते. त्याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड हे महारोगावरील आपल्या वनौषधीसाठी प्रसिद्ध होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होते. रोगावर उपाय शोधणारे एक वैद्य आणि रोगाची शरीरातील जागा शोधणारे दुसरे, असे दोघे एकाच शहरात कार्यरत होते.

स्पर्श, दाब आणि ताण यांचे ज्ञान

कार्टर यांच्या महारोगविषयक कार्याचे महत्त्व समजण्यासाठी शरीराला स्पर्श कसा कळतो हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

त्वचेत आणि तिच्याखाली संवेदना टिपणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. बोटांच्या टोकांना होणारा हलका, सरकता स्पर्श माइसनर यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्राहक टिपतात. वस्तूची कड आणि टिकून राहणारा दाब मेर्केल यांच्या ग्राहकांना कळतो. त्वचा ताणली गेली की रुफिनी यांचे ग्राहक उद्दीपित होतात. त्वचेखाली खोलवर पाचिनी यांचे ग्राहक असतात. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरांचे बनलेले हे ग्राहक सुमारे एक मिलिमीटर लांब असून नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात. त्यांना कंपने कळतात. वेदना, उष्णता आणि थंडी यांसाठी मज्जातंतूंची उघडी, बारीक टोके असतात.

स्नायूंमध्ये याहून निराळी व्यवस्था आहे. स्नायूच्या आत चातीच्या आकाराचे ग्राहक असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला हे ते कळवतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांतील ग्राहक स्नायू किती जोराने ओढतो आहे हे कळवतात. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे सांगता येते, अंधारात जिना चढता येतो, भरलेली घागर न सांडता उचलता येते, ते या ग्राहकांमुळे.

ग्राहकावर दाब वा ताण पडला की त्याच्या पेशीपटलातील सूक्ष्म द्वारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि विद्युतसंदेश निर्माण होतो. तो मज्जातंतूमधून मेरुरज्जूकडे व तेथून मेंदूकडे जातो. स्नायूंच्या ताणाचे संदेश जाड तंतूंतून सेकंदाला ७० ते १२० मीटर इतक्या वेगाने धावतात. वेदनेचे काही संदेश अत्यंत बारीक तंतूंतून सेकंदाला सुमारे १ मीटर इतक्या संथ गतीने जातात. म्हणूनच पायाला ठेच लागली की आपटल्याची जाणीव आधी आणि ठणका मागाहून होतो.

यातील बरेचसे ज्ञान कार्टर यांच्या हयातीतच हळूहळू उलगडत गेले. माइसनर यांचे ग्राहक १८५२ मध्ये आणि मेर्केल यांचे १८७५ मध्ये वर्णिले गेले. स्नायूतील चातीसारखी रचना संवेदनेचे इंद्रिय आहे हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९४ मध्ये सिद्ध केले. दाबाने उघडणाऱ्या द्वारांपैकी पिएझो नावाची प्रथिने तर २०१० मध्ये आर्डेम पाटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत ओळखली गेली. या शोधाबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळाले.

महारोग आणि मज्जातंतू

महारोगाच्या एका प्रकारात शरीरावर गाठी उठतात. दुसऱ्या प्रकारात त्वचेवर फिकट, बधिर चट्टे पडतात आणि हातापायांची संवेदना जाते. बधिरतेच्या या प्रकारात नेमके काय बिघडते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वादाचा होता. नॉर्वेतील डॅनियल डॅनियलसन आणि कार्ल विल्हेल्म बोएक यांनी १८४७ मध्ये या रोगावर पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांनी बधिरतेच्या संदर्भात मेरुरज्जू व त्याच्या आवरणांतील बदलांवर भर दिला होता.

कार्टर यांनी मुंबईच्या रुग्णालयात महारोग्यांची लक्षणे तपशीलवार नोंदवली आणि मृत्यूनंतर त्यांची शवविच्छेदने केली. हातापायांतील मज्जातंतू मोकळे करून त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना ते सुजलेले दिसले. तंतूंच्या दरम्यान घट्टसर पदार्थ साचला होता आणि त्याच्या दाबाने तंतू झिजत होते. त्वचा बधिर होण्याचे कारण तिच्याकडे येणाऱ्या मज्जातंतूंच्या विकारात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा दीर्घ निबंध मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८६० च्या दशकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. महारोगातील मज्जातंतूंच्या विकृतीचे हे आरंभीचे महत्त्वाचे वर्णन मानले जाते.

निरोगी देहातील मज्जातंतूंचा मार्ग ज्याने स्वतःच्या हाताने सोडवला आणि रेखाटला, त्याच्या नजरेला रोगी देहातील फरक चटकन दिसणे स्वाभाविक होते. लंडनमधील चित्रकाम आणि मुंबईतील संशोधन यांना जोडणारा हा दुवा आहे.

नंतरच्या संशोधनाने या निष्कर्षाला स्पष्ट आधार दिला. महारोगाचे जंतू मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींत शिरतात. सुमारे ३० ते ३३ अंश सेल्सियस या, शरीराच्या आतील भागापेक्षा थंड तापमानात त्यांची वाढ चांगली होते. त्यामुळे जेथे मज्जातंतू त्वचेलगत येतो तेथे अधिक हानी होते. कोपराच्या आतील बाजूस, मनगटाच्या किंचित वर, गुडघ्याच्या बाहेरील बाजूस आणि घोट्याच्या आतल्या अंगाला अशा जागा आहेत. कोपर आपटले असता करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात तो मज्जातंतू यांपैकीच एक होय. तो निकामी झाला की करंगळी व अनामिका वाकड्या होऊन पंज्याला पक्ष्याच्या नखरासारखा आकार येतो. गुडघ्याजवळील मज्जातंतू गेला की पाऊल लोंबते.

या रोगात सर्व संवेदना एकाच वेळी जात नाहीत. प्रथम उष्ण-थंड यांतील भेद कळेनासा होतो. पाठोपाठ वेदना आणि हलका स्पर्श नाहीसा होतो. स्नायूंच्या ताणाची जाणीव पुष्कळदा बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, कारण बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपर व मनगट यांच्यामध्ये खोलवर, उबदार जागी असतात. परिणामी रोग्याला आपला हात कोठे आहे हे समजते, त्या हाताने काम करता येते, परंतु हातात धरलेले भांडे तापलेले आहे हे समजत नाही. चुलीवरचे पातेले उतरवताना हात भाजतो, अनवाणी पायात काटा मोडतो, आणि दुखत नसल्याने जखमेकडे दुर्लक्ष होते. वारंवारच्या अशा जखमा चिघळून बोटे झिजतात. महारोगात बोटे गळून पडतात ही समजूत चुकीची आहे. बधिर अवयवाला झालेल्या इजेने आणि जंतुसंसर्गाने ती आखूड होतात. वेदना ही शरीराची राखणदार असते, ती गेली की अवयव उघडा पडतो, ही गोष्ट विसाव्या शतकात वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांच्या कार्याने ठामपणे प्रस्थापित झाली.

सातारा आणि मदुरा पाय

१८६३ ते १८७२ या काळात कार्टर साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते आणि तेथील तुरुंगाचे अधीक्षकपदही त्यांच्याकडे होते. मोठ्या शहरातील प्रयोगशाळा व ग्रंथालय यांपासून दूर राहूनही त्यांनी सूक्ष्मदर्शकाचे काम चालू ठेवले. इलाख्याच्या जिल्ह्यांतून १८६७ साली गोळा केलेल्या महारोग्यांच्या सरकारी नोंदींच्या आधारे त्यांनी या रोगाच्या प्रसारावर अहवाल तयार केला.

मदुरा पाय या विकाराचा अभ्यास त्यांनी मुंबईत सुरू केला होता. यात पाऊल हळूहळू सुजते, त्याला भोके पडतात आणि त्यांतून रंगीत कण बाहेर येतात. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांत हा विकार अधिक आढळतो. सूज मोठी असूनही बराच काळ वेदना फारशी होत नाही, त्यामुळे रोगी उशिरा उपचाराला येतो. हे कण बुरशीचे आहेत असे कार्टर यांनी मांडले आणि मायसेटोमा हे नाव रूढ केले. वनस्पतिशास्त्रज्ञ माइल्स बर्कली यांनी एका बुरशीला त्यांच्या सन्मानार्थ कार्टर यांचे नाव दिले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. विकाराच्या काही प्रकारांत बुरशीऐवजी जिवाणू असतात, हे नंतरच्या काळात स्पष्ट झाले.

नॉर्वेचा प्रवास आणि विलगीकरणाचा प्रश्न

१८७२ मध्ये कार्टर दीर्घ रजेवर युरोपात गेले. त्या काळात महारोगाच्या अभ्यासात नॉर्वे अग्रेसर होता. तेथे १८५६ पासून रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जात होती आणि आरंभी तीत अडीच हजारांहून अधिक रोगी होते. कार्टर यांनी बर्गन येथील रुग्णालये पाहिली. गेरहार्ड आर्मॉर हॅन्सन यांना रोग्यांच्या गाठींत १८७३ मध्ये दंडाकार जंतू दिसले होते. कार्टर यांनी त्यांचे काम जाणून घेतले. नॉर्वेतील महारोग व रुग्णाश्रम यांवरील अहवाल आणि महारोग व हत्तीरोग यांवरील सचित्र ग्रंथ त्यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केले.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये महारोग संसर्गजन्य नाही असे मत दिले होते, आणि ब्रिटिश शासनाचे धोरण त्यावर आधारलेले होते. नॉर्वे पाहिल्यानंतर कार्टर यांचे मत निश्चित झाले की हा रोग संसर्गाने पसरतो. भारतातही रोग्यांसाठी आश्रम उभारावेत, त्यांना निरोग्यांपासून वेगळे ठेवावे आणि नोंदणी करावी असा आग्रह त्यांनी धरला. १८७५ मध्ये परत आल्यावर त्यांना काठेवाडातील महारोगाच्या पाहणीसाठी विशेष कामगिरीवर नेमण्यात आले. तथापि त्यांच्या शिफारशींची व्यापक अंमलबजावणी सरकारने केली नाही.

कार्टर यांच्या या भूमिकेचे मूल्यमापन दोन बाजूंनी करावे लागते. रोग संसर्गजन्य आहे हे त्यांचे मत पुढे खरे ठरले, आणि प्रचलित अधिकृत मताविरुद्ध पुरावा मांडण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. परंतु रोगाचा संसर्ग सहजासहजी होत नाही, बहुसंख्य लोकांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, हे त्या काळी माहीत नव्हते. प्रभावी औषध नसताना विलगीकरण म्हणजे रोग्याला घर, शेत आणि आप्त यांपासून जन्मभरासाठी तोडणे होते. १८९८ च्या महारोगीविषयक कायद्याने निराधार रोग्यांना सक्तीने आश्रमात ठेवण्याची तरतूद भारतात झाली. महारोग्यांबद्दल समाजात आधीच असलेल्या भीतीला अशा कायद्यांमुळे सरकारी मान्यतेचे रूप मिळाले. बधिर झालेल्या हाताला ज्या समाजाने स्पर्श करावयाचा, त्यानेच तो नाकारला, ही या इतिहासातील वेदनादायक बाजू आहे.

तापांवरील संशोधन

१८७६ नंतर कार्टर मुंबईत होते. गोकुळदास तेजपाल रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिण व पश्चिम भारतात भीषण दुष्काळ पडला आणि उपासमारीने खंगलेली माणसे मोठ्या संख्येने मुंबईत आली. त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. या तापात काही दिवस ताप येतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. ऑटो ओबरमायर यांनी बर्लिनमध्ये १८७३ साली या रोगाचे मळसूत्री जंतू जाहीर केले होते. कार्टर यांनी तेच जंतू मुंबईतील रोग्यांच्या रक्तात दाखवले आणि माकडांवर प्रयोग करून रोगाचा संक्रम पडताळला. या कामात त्यांना स्वतःलाही या तापाची लागण झाली. १८८२ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना स्टुअर्ट पारितोषिक दिले.

फ्रेंच वैद्य आल्फोन्स लाव्हरान यांनी १८८० मध्ये हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात परजीवी पाहिले होते, पण अनेक तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. कार्टर यांनी १८८७ च्या सुमारास मुंबईतील रोग्यांच्या रक्तात तेच परजीवी पाहून त्यांची नोंद केली. भारतात लाव्हरान यांच्या शोधाला दुजोरा देणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. रोनाल्ड रॉस यांचा डासांविषयीचा शोध याच्या दहा वर्षांनंतरचा आहे.

निवृत्ती आणि निधन

ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही कार्टर यांनी काही काळ सांभाळले. १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १८९० मध्ये व्हिक्टोरिया राणीचे मानद वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. मुंबईत १८५९ मध्ये झालेला त्यांचा पहिला विवाह सुखाचा ठरला नव्हता. १८९० मध्ये त्यांनी मेरी एलेन रॉबिसन यांच्याशी विवाह केला. ४ मे, १८९७ रोजी क्षयरोगाने स्कारबरो येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

ग्रेज अ‍ॅनाटॉमी आजही नव्या आवृत्त्यांतून प्रसिद्ध होते. महाराष्ट्रातील वैद्यकीय विद्यार्थी त्याचे नाव पहिल्याच वर्षी ऐकतो, परंतु त्याचा चित्रकार मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत होता आणि साताऱ्यास नऊ वर्षे राहिला, हे थोड्यांना माहीत असते. एकविसाव्या शतकात कार्टर यांच्या रोजनिशांच्या आधारे झालेल्या लेखनामुळे ग्रंथातील त्यांच्या वाट्याची दखल नव्याने घेतली जाऊ लागली आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्रातील महारोगविषयक कार्याची दिशा बदलत गेली. मुंबईत महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये सुरू झालेला आश्रम आज वडाळा येथील अ‍ॅकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखला जातो. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा भावे यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले. त्यापुढच्या काळात शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवन आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन स्थापन केले. रायगड जिल्ह्यातच पनवेलजवळ शांतिवन येथे कुष्ठरोग निवारण समितीचे कार्य चालते. या संस्थांनी रोग्याला दूर ठेवण्याऐवजी त्याच्या हाताला काम देण्यावर भर दिला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचारांची शिफारस केल्यावर महारोग पूर्णपणे बरा होऊ लागला. उपचार सुरू होताच रोग्यापासून इतरांना असलेला धोका झपाट्याने नाहीसा होतो, त्यामुळे विलगीकरणाची गरज उरलेली नाही. मात्र एकदा नष्ट झालेला मज्जातंतू औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून निदान लवकर होणे हेच अजूनही सर्वांत महत्त्वाचे आहे. २०१७ पासून भारतात ३० जानेवारीच्या सुमारास राबवल्या जाणाऱ्या कुष्ठरोग जनजागृती अभियानाला स्पर्श असेच नाव देण्यात आले आहे.

निदानाची पद्धत आजही साधी आहे. रोहा, अष्टमी, पेण यांसारख्या गावांत असो वा मुंबईच्या वस्तीत, तपासणारी व्यक्ती फिकट चट्ट्याला कापसाच्या टोकाने अलगद स्पर्श करते आणि रोग्याला डोळे मिटून स्पर्शाची जागा दाखवावयास सांगते. त्यानंतर कोपर, मनगट, गुडघा आणि घोटा येथील मज्जातंतू बोटांनी चाचपून ते जाड झाले आहेत का, दुखतात का, हे पाहते. कार्टर यांनी शवविच्छेदनात पाहिलेली मज्जातंतूंची सूज आज जिवंत रोग्याच्या त्वचेवरून हाताने ओळखली जाते, आणि ती वेळेवर ओळखली गेली तर त्या हाताची संवेदना वाचवता येते.